शनिवार-रविवारची पार्किंगबंदी: तात्पुरता आदेश वेगळा, अंतिम आदेश वेगळा

गल्लीच्या तोंडाशी 'नो पार्किंग'चा नवा फलक लागला, त्याखाली 'शनि. व रवि., सायं. ५ ते रात्री ११' अशी पट्टी आली, की रहिवाशांना वाटतं, प्रश्न मिटला. पुण्यात तरी तो तेवढ्याने मिटत नाही. हा फलक वाहतूक पोलिसांच्या तात्पुरत्या आदेशावर उभा असतो किंवा अंतिम आदेशावर, आणि रस्त्यावरून पाहताना दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही. दंड तोच, टोइंगची गाडीही तीच. फरक कागदात आहे. तो समजून घेतला नाही, तर हवी असलेली बंदी हातची जाते, नाहीतर चुकीची बंदी कायमची गळ्यात पडते.

दोन्ही आदेश काढतात पोलीस उपायुक्त (वाहतूक). आधार मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ११५, ११६ आणि ११७ चा, आणि हे अधिकार देणाऱ्या गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा. कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं, ११६ फलक लावण्याचं. कलम ११७ मध्ये वाहनं कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतील ते स्थानिक संस्थेशी, म्हणजे इथे महापालिकेशी, विचारविनिमय करून ठरवायचं असतं.

तात्पुरता आदेश म्हणजे नुसता प्रस्ताव, असा एक समज आहे. तो चूक आहे. आदेशात दिलेल्या तारखेपासून बंदी लागू होते आणि दंडही होतो. मात्र त्याच आदेशाच्या शेवटी नागरिकांना लेखी हरकती व सूचना पाठवायला सांगितलेलं असतं, आणि सगळा घोटाळा होतो तो तिथे छापलेल्या तारखेवरून. ती तारीख हरकतींची मुदत असते, बंदी उठण्याची नव्हे. गणेशोत्सवातले किंवा मिरवणुकीचे वाहतूक बदल ठरलेल्या दिवशी संपतात. कलम ११५ खालचा निर्बंध महिन्याभराच्या आतला असेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पार्किंगबंदीचा तात्पुरता आदेश त्या जातीचा नसतो. हरकतींची तारीख उलटली म्हणून तो विरत नाही, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणून आपोआप अंतिमही होत नाही. त्यासाठी हरकती-सूचनांचा विचार करून वेगळा अंतिम आदेश निघावा लागतो.

अंतिम आदेश निघाल्यावर मात्र बारीकशी दुरुस्तीसुद्धा जड जाते. वेळ सहाऐवजी सात करायची, बंदी डाव्या बाजूची उजवीकडे न्यायची, तर पुन्हा नवा आदेश आणि पुन्हा हरकती. म्हणून जे काही सुचवायचं ते तात्पुरत्या टप्प्यातच लिहून द्यावं. बंदी हवी असणारेच इथे गप्प बसतात, हे फार वाईट. विरोध करणारे दुकानदार आणि हॉटेलवाले मुदतीत पत्रं देतात, आणि फाइलमध्ये फक्त त्यांचाच आवाज उरतो. पाठिंब्याचं पत्रही 'सूचना'च असतं. ते जरूर द्या.

पत्रात 'फार त्रास होतो' एवढंच लिहून भागत नाही. रस्त्याची रुंदी टेपने तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि सगळ्यात अरुंद जागी. समजा, ती ६ मीटर भरली. दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की प्रत्येकीला कडेच्या फटीसकट सुमारे २ मीटर जातात; मध्ये उरतात २ मीटर. मोठ्या वाहनाची कायदेशीर कमाल रुंदी २.६ मीटर आहे. म्हणजे अग्निशमनचा बंब आत येणारच नाही. हे एक गणित दहा तक्रारींपेक्षा जास्त काम करतं. त्याला जोडून शनिवार आणि रविवारी सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ८ आणि १० वाजता उभ्या वाहनांची मोजणी द्या, आणि तीच मोजणी एखाद्या बुधवारीही करा. बुधवारचे आकडे नसतील, तर बंदी फक्त वीकएंडलाच का, याला उत्तर राहत नाही. शेजारच्या गल्ल्यांतही मोजा. कोरेगाव पार्क किंवा फर्ग्युसन रस्त्यालगतच्या भागात एका गल्लीतून हटलेली गाडी पुढच्या गल्लीत जाऊन लागते, आणि पुढच्या मुदतीत त्या गल्लीची हरकत येते. पत्र उपायुक्त कार्यालयात, प्रत स्थानिक वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना आणि महापालिकेच्या पथ विभागाला. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'रहिवाशांसाठी बंदी' म्हणजे रहिवाशांना सूट, असं बहुतेकांच्या मनात असतं. या आदेशांत सूट सहसा अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका यांनाच असते. तुमची मोटार तुमच्याच घरासमोर असली तरी शनिवारी संध्याकाळी ती उचलली जाऊ शकते, आणि आदेश तात्पुरता असो वा अंतिम, यात बदल होत नाही. कलम ११५ मध्ये निर्बंधाला अपवाद आणि अटी घालण्याची सोय आहे, पण तो अपवाद आदेशात स्पष्ट शब्दांत असावा लागतो. सोसायटीने स्टिकर छापून किंवा गेटबाहेर 'फक्त सभासदांसाठी पार्किंग' अशी पाटी लावून सार्वजनिक रस्त्यावर कोणताही हक्क तयार होत नाही. ज्या वाड्यात किंवा जुन्या इमारतीत आत जागाच नाही, तिथल्या लोकांनी बंदी कायम करा म्हणण्याआधी आपल्या गाड्यांचं काय, हे ठरवलेलं बरं. दोन्ही बाजूंची, पूर्ण दोन दिवसांची बंदी मागण्यापेक्षा एका बाजूची, संध्याकाळच्या पाच-सहा तासांची बंदी टिकते आणि पाळलीही जाते. उलट, गेट अडवून किंवा पदपथावर लावलेल्या गाडीसाठी असल्या आदेशाची गरजच नाही. ते एरवीही नियमबाह्यच आहे.

बंदीऐवजी सम-विषम तारखांचं पार्किंग मागणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शनिवारी रात्री बरोबर बाजूला लावलेली गाडी बारा वाजले की चुकीच्या बाजूला ठरते. शिवाय ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणून त्या रात्री बाजू बदलत नाही. वीकएंडला उशिरापर्यंत पाहुणे येणाऱ्या गल्लीत यावरून भांडणं ठरलेली.

अंतिम आदेश निघाल्यावर तो आणि फलक शेजारी ठेवून वाचा. कुठून कुठपर्यंत, कोणती बाजू, कोणते वार, किती ते किती: चारही जुळायला हवेत. वार-वेळेची खालची पट्टी गळून पडली की फलक आठवडाभराची बंदी सांगू लागतो आणि मंगळवारी गाड्या उचलल्या जातात. फलक झाडाच्या फांदीआड गेला, तर बाहेरून येणाऱ्याला बंदी कळतच नाही. आदेशात 'अमुक चौकापर्यंत' एवढंच असेल, तर शेवटच्या दहा-पंधरा मीटरवर कायम वाद. तिथे दुकानाचं किंवा इमारतीचं नाव किंवा मीटरमधलं अंतर घालून घ्यावं. आणि तात्पुरत्या आदेशात एक वेळ, अंतिम आदेशात दुसरी, असं झालं तर जुनी पट्टी बदलून घेण्यासाठी पथ विभागाकडे लगेच लेखी मागणी करा.

आदेशाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तात्पुरता आणि अंतिम अशा दोन्ही आदेशांच्या प्रती, आलेल्या हरकती आणि त्यांवरचे शेरे, असं सगळं नेमकं मागा. नुसतं 'पार्किंगबाबत माहिती' लिहिलं तर बऱ्याचदा फक्त तात्पुरता आदेशच हातात पडतो. चुकीच्या फलकामुळे दंड झाला असेल, तर फलकाचा त्याच दिवशीचा फोटो आणि आदेशाची प्रत जोडून ई-चलनाविरुद्ध तक्रार नोंदवता येते. 'नो पार्किंग'चा पहिला दंड ५०० रुपये आणि पुढचा १,५०० रुपये असल्याने, पहिलं चुकीचं चलन सोडून देणंही महागात पडतं.