सेलम चेटूक-खटले : नाट्यरूपे

मॅसॅचूसेट्स या ब्रिटिश वसाहतीतील सेलम येथे १६९२–९३ मध्ये चाललेल्या चेटूक-खटल्यांवरील नाटके व त्यांच्या प्रयोगपद्धती. या खटल्यांत १४ स्त्रिया व ५ पुरुषांना फाशी झाली. जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी जूरीपुढे खटला चालवायला संमती देईना, म्हणून छातीवर दगड रचून त्याचा जीव घेतला गेला. जाळले कोणालाच नाही. चिता दाखवणारे प्रयोग यूरोपातील शिक्षा सेलमच्या माथी मारतात.

खटल्याआधी दंडाधिकाऱ्यांनी घेतलेल्या प्राथमिक तपासण्यांची प्रश्नोत्तरे बऱ्याच प्रमाणात टिकून आहेत, मात्र मे १६९२ मध्ये नेमलेल्या विशेष न्यायालयाची नोंदवही हरवली आहे. त्यामुळे रंगमंचावर ‘खटला’ म्हणून दिसते ती बहुधा तपासणीच असते.

अमेरिकन कवी लाँगफेलो यांचे जाइल्स कोरीवरील पद्यनाट्य १८६८ चे. आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. मॅकार्थीकालीन चौकश्यांशी (१९५० च्या सुमारास अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून झालेल्या) त्याचे नाते सर्वश्रुत आहे. चेटकामुळे आपल्याला पीडा होते, असे सांगून इतरांवर आरोप करणाऱ्या मुलींपैकी सुमारे ११ वर्षांच्या ॲबिगेलला मिलर यांनी १७ वर्षांची केले, फाशी गेलेल्या साठीच्या जॉन प्रॉक्टरला तिशीत आणले आणि दोघांत कागदपत्रांत नसलेला संबंध कल्पिला.

आरोपी ठरलेल्या टिट्यूबा या गुलाम स्त्रीच्या मुळाविषयी मतभेद आहेत. तत्कालीन कागदपत्रांत तिला सातत्याने ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी, म्हटले आहे. लाँगफेलो यांनी तिला कृष्णवर्णी मांत्रिकाची मुलगी केले. मिलर यांच्या नाटकात ती बार्बेडोसहून आणलेली निग्रो गुलाम आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील आरावाक जमातीची असावी, असे इतिहासकार एलेन ब्रेस्लॉ यांनी १९९६ मध्ये मांडले. हे मत सर्वमान्य नसले, तरी तिला मूलनिवासी मानणे कागदपत्रांशी अधिक जुळते. तिने मुलींना जादू शिकवल्याचा समकालीन पुरावा नाही. राईचे पीठ व पीडित मुलींचे मूत्र मिसळून भाजलेली, चेटूक ओळखण्यासाठी कुत्र्याला घातलेली ‘चेटूक-भाकर’ मेरी सिब्ली या शेजारणीच्या सांगण्यावरून झाली, आणि तो तोडगा इंग्रजी लोकपरंपरेतला. टिट्यूबाला मंत्र पुटपुटायला लावणारे दिग्दर्शक दोष चुकीच्या दारात नेतात.

प्रयोगात सर्वांत अवघड असते ती छायारूपाची साक्ष, म्हणजे आरोपीचे इतरांना न दिसणारे रूप आपल्याला दिसते, असा पीडितांचा दावा. २० मार्च १६९२ रोजी जाइल्सची आरोपी बायको मार्था कोरी प्रार्थनागृहात हजर असतानाच ॲबिगेल ओरडली, की मार्था तुळईवर बसून बोटांमधून पिवळ्या पक्ष्याला पाजते आहे. पक्षी दाखवू नये. प्रकाशझोतानेही सुचवू नये, कारण मग प्रेक्षकही मुलींचा साक्षीदार होतो आणि प्रसंगातला अन्याय पुसला जातो. तुळईवर एक खूण ठरवून सगळ्या मुलींची नजर तिथेच बांधावी. एकीची जरी नजर ढळली तरी दृश्य कोसळते. खरी मार्था खाली, उजेडात, स्वस्थ बसलेली दिसायला हवी.

ब्रिजेट बिशप या आरोपी स्त्रीच्या तपासणीत (१९ एप्रिल) तिने डोळे वर केले, तसे मुलींचेही डोळे वर गेले. हे अनुकरण उशिरा झाले तर चिडवणे वाटते, एकदम झाले तर कवायत. म्हणून एका मुलीने सुरुवात करावी व बाकीच्यांनी तिच्यावरून उचलावे. शब्द न ठेवता, केवळ हालचालींची तालीम आधी घ्यावी.

वेशभूषेत काळे कपडे व बकलाच्या टोप्या टाळाव्यात. तपकिरी, हिरवट, विटकरी लोकर व तागाचे पांढरे कापड त्या काळाला धरून आहे.

सेलममध्ये १९९२ पासून होणाऱ्या ‘क्राय इनोसंट’ या प्रयोगात प्रेक्षकच जूरी होऊन बिशपच्या प्रकरणातील साक्षीदारांना प्रश्न विचारतात व मत देतात. मिलर यांच्या नाटकावरील रॉबर्ट वॉर्ड यांचा ऑपेरा १९६१ चा.