गचाचा न्यायालये : कबुली आणि क्षमायाचना

१९९४च्या एप्रिल ते जुलैदरम्यान आफ्रिकेतल्या रवांडात बहुसंख्य हुतूंमधल्या कडव्यांनी अल्पसंख्य तुत्सींचा वंशसंहार केला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. रवांडा सरकार १० लाखांहून अधिक धरते. मारणाऱ्यांत शेजारीपाजारीही मोठ्या संख्येने होते. दशकाच्या अखेरीस लाखाहून जास्त आरोपी तुरुंगांत खितपत पडले होते. नेहमीच्या न्यायालयांत त्यांचे खटले निकाली निघायला शतक पुरले नसते. म्हणून गवतावर बसून गावचे तंटे मिटवण्याच्या ‘गचाचा’ या जुन्या रिवाजाला २००१ मध्ये कायद्याचे रूप देण्यात आले. २००२ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली, २००५ पासून देशभर खटले चालले आणि जून २०१२ मध्ये ही न्यायालये बंद झाली. सुमारे १२ हजार न्यायालयांनी १९ लाखांवर प्रकरणे हाताळली. त्यांतली बहुसंख्य मालमत्तेच्या लुटीची होती.

न्यायाधीश गावकऱ्यांनीच निवडलेले, बिनपगारी आणि जुजबी प्रशिक्षण घेतलेले असत. सुरुवातीला पीठात १९ जण होते. गणपूर्ती होईना म्हणून ते ९ आणि पुढे ७ केले. वकिलांना मज्जाव होता. आधी याद्या व्हायच्या : संहारापूर्वी कोणत्या घरात कोण राहत होते, कोण मेले, काय लुटले, संशय कोणावर. मग आरोपींची वर्गवारी आणि शेवटी सुनावणी.

सगळ्या रचनेचा कणा म्हणजे कबुली. ती ग्राह्य धरायची तर गुन्हा कुठे, केव्हा, कसा केला, बळी कोण, साथीदार कोण आणि प्रेत कुठे टाकले, हे सांगावे लागे. शिवाय जाहीर क्षमायाचना. २००४च्या कायद्यानुसार खुनाची कबुली न देणाऱ्याला २५ ते ३० वर्षे, यादीत नाव आल्यावर देणाऱ्याला १२ ते १५, त्याआधीच देणाऱ्याला ७ ते १२ वर्षे शिक्षा होती. कबुली देणाऱ्याची निम्मी शिक्षा समाजसेवेत बदलता येई : रस्ते, डोंगरउतारावरचे बांध, वाचलेल्यांसाठी घरे.

शिक्षेत एवढी सूट मिळत असताना पश्चात्ताप खरा की हिशेबी, हे कायद्याला कळणार कसे? अर्धी कबुली सर्रास दिली जाई. साथीदार म्हणून मेलेल्यांची किंवा देश सोडून गेलेल्यांची नावे घ्यायची, खून लपवून लूट कबूल करायची, अशी ती रीत. काही गावांत कोणी कोणाविरुद्ध बोलायचे नाही असा कटच असे. त्याला ‘चेचेका’ म्हणत. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही झाले. उलट, जमिनीच्या वादातून खोटे आरोपही झाले.

क्षमा मागणे कायद्याने आखून दिले होते. ती देण्याची सक्ती मात्र नव्हती. तरी अधिकारी, चर्च आणि शेजार यांचा दबाव असायचा, आणि आरोपी सुटून शेजारच्याच घरी परतणार हे माहीत असताना नकार देणे सोपे नव्हते. वाचलेल्यांपैकी अनेकांना माफीपेक्षा अस्थी हव्या होत्या. कबुलीतून खड्ड्यांचा ठाव लागला, की अस्थी काढून सन्मानाने दफन करता येई. व्यवस्थेची सर्वांत भरीव फलश्रुती हीच म्हणावी लागेल, आणि तीही अपुरी : २०१८ मध्ये राजधानी किगालीच्या गासाबो जिल्ह्यात नव्या सामूहिक कबरी सापडल्या.

लुटलेले छपराचे पत्रे, दारे, गाई यांची भरपाई ठरे किंवा आपसात तडजोड होई; तडजोड झाली की खटला नाही. पण आरोपी कफल्लक असल्याने कित्येक निवाडे कागदावरच राहिले. बलात्काराची प्रकरणे २००८ पासून या न्यायालयांकडे आली. ती बंद दाराआड चालत. संहार थांबवून सत्तेवर आलेल्या, तुत्सींचे वर्चस्व असलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र या न्यायालयांच्या कक्षेत आल्या नाहीत : मूळ कायद्यातले युद्धगुन्ह्यांचे कलम २००४ मध्ये वगळले गेले. त्यामुळे ज्या हुतू कुटुंबांची माणसे त्या सैनिकांनी मारली, त्यांची क्षमा या न्यायालयांत कोणी मागितली नाही.