एका अणूएवढी सरकवली तार, आणि वीज थांबली

चिपमधला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म स्विच, इलेक्ट्रॉन अडवतो तो ऊर्जेचा बांध घालून. बांध उतरवला की प्रवाह सुरू, चढवला की बंद. पण उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉनांकडे तो ओलांडण्याइतकी ऊर्जा असतेच. म्हणून खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट कमी करायचा, तर नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटचा (बांध चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोकाचा) व्होल्टेज किमान 60 मिलिव्होल्टने बदलावा लागतो. बांध काही नॅनोमीटरइतका अरुंद झाला, तर इलेक्ट्रॉन त्यातून आरपारही निसटतात.

मग बांधाशिवाय अडवता येईल का? येतं, कारण इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. डेव्हिसन आणि जर्मर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1927 साली निकेलच्या स्फटिकावर हे दाखवून दिलं.

बेंझिनचा रेणू घ्या: सहा कार्बन अणूंचं कडं. एका अणूला एक तार जोडली आणि बरोबर समोरच्या अणूला दुसरी. दोन्ही बाजूंच्या वाटा तीन-तीन बंधांच्या. एकाच इलेक्ट्रॉनची लाट दोन्ही वाटांनी जाते (हे पचायला वेळ लागतो, पण प्रयोग तेच सांगतात), पलीकडे दोन्ही भाग एका तालात भेटतात आणि वीज वाहते. आता दुसरी तार फक्त एक अणू अलीकडे आणा. एक वाट दोन बंधांची झाली, दुसरी चारांची. इथे इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण चार बंधांएवढी असते, म्हणजे फरक नेमका अर्ध्या लाटेचा. उंचवट्यावर खळगा येतो आणि प्रवाह जवळजवळ विझतो. रेणू तोच, इलेक्ट्रॉन तेच! तार अगदी शेजारच्या अणूला जोडली, तर फरक पूर्ण लाटेचा होतो आणि वाट पुन्हा मोकळी होते.

लाटांनी असं एकमेकींना मिटवणं, म्हणजे हे व्यतिकरण, हवं तेव्हा मोडता आलं, की स्विच तयार. 2006 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या कार्डामोन, स्टॅफर्ड आणि मजुमदार यांनी तसा ट्रान्झिस्टर कागदावर मांडला: रेणूला तिसरं टोक जोडून लाटांचा मेळ बिघडवायचा आणि प्रवाह सुरू करायचा. 2024 मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी ग्राफीनच्या (एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याच्या) दोन टोकांमध्ये जस्तयुक्त पॉर्फिरिनचा (कड्याच्या आकाराच्या सेंद्रिय संयुगाचा) एकच रेणू बसवला. व्यतिकरणाच्या जोरावर त्याच्या चालू आणि बंद स्थितींत दहा हजारपटींहून जास्त फरक मिळाला.

चिपसाठी मात्र असे अब्जावधी रेणू लागतील, आणि प्रत्येकाची टोकं ठरलेल्या अणूवरच चिकटायला हवीत. मला हेच काम सगळ्यांत अवघड वाटतं, कारण इथे एका अणूची चूक झाली तरी बंद असायला हवा तो स्विच चालू राहील.