सात इंची रेकॉर्ड आणि भावाची पुस्तकं

नागपूरच्या इतवारीतल्या भंगाराच्या ढिगात बीटल्सची ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी आणि भीमगीतांची सात इंची रेकॉर्ड शेजारी शेजारी सापडली, तर पहिलीचा भाव लगेच कळेल. दुसरीचा कुणालाच नक्की सांगता येणार नाही. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्यानंतर कितीतरी दशकं आपल्याकडे चलती होती ती ७८ची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ही तबकडी लाखेची. गोंदिया-भंडाऱ्याच्या रानात पळसावर, कुसुमावर जी लाख धरते तीच, दगडाची भुकटी आणि काजळी घालून दाबलेली. १९४९ मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने ४५ गतीची, सात इंची व्हिनाइलची (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची) रेकॉर्ड आणली. तिकडे तिच्या एका बाजूला एकच गाणं आणि मध्ये मोठं भोक. आपल्याकडे रुळली ती बहुतेक ‘ईपी’: भोक लहान, दोन्ही बाजू मिळून चार गाणी. चावीचे ग्रामोफोन पुष्कळ घरांत होतेच आणि त्यांवर ७८च वाजायच्या, म्हणून त्याही निघत राहिल्या. ब्रिटन-अमेरिकेत त्या १९६०च्या आसपास संपल्या. आपल्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यात मात्र बीटल्ससुद्धा ७८वर छापले गेले. परदेशी संग्राहक आज त्यांच्या मागे असतात ते यामुळेच.

भावाची पुस्तकं, म्हणजे जुन्या रेकॉर्डींच्या किमती सांगणारी पुस्तकं, हे सत्तरच्या दशकातलं काम. १९७४ मध्ये अमेरिकेत रेकॉर्ड-संग्राहकांसाठी ‘गोल्डमाइन’ नियतकालिक निघालं आणि त्याच्या प्रतवारीने पुढे सगळ्या बाजाराला भाषा दिली. जवळजवळ कोरी प्रत असेल तर पूर्ण भाव, त्याखालच्या प्रतीला साधारण निम्मा, त्याहून खालच्या प्रतीला पाव. आकडे यायचे व्यापाऱ्यांच्या याद्यांतून आणि टपालाने होणाऱ्या लिलावांतून. म्हणजे पुस्तकातला भाव तिथल्या मागणीचा, त्या वर्षापुरता. २००० साली डिस्कॉग्स हे रेकॉर्डींच्या नोंदींचं संकेतस्थळ सुरू झालं आणि पुढे प्रत्यक्ष विक्रीचे आकडे कुणालाही दिसू लागले. तरी जुनी पुस्तकं मी टाकून देणार नाही. कुठल्या लेबलवर, कोणत्या क्रमांकाने काय निघालं, याची नोंद त्यांत आहे, आणि कधीकाळी कशाला मागणी होती हेही.

नागपुरात ही प्रतवारी कठोर ठरते. इथल्या रेकॉर्डी लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या लाउडस्पीकरवर, जड सुईखाली झिजल्या. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. आडव्या रचून ठेवलेल्या व्हिनाइलला तेव्हा बाक येतो. हजारोंनी खपलेलं गाणंही म्हणूनच स्वच्छ प्रतीत मिळणं कठीण. ऐंशीच्या दशकात कॅसेटची लाट आली आणि कपाटं रिकामी झाली ती थेट रद्दीत.

१९५६पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा जोडप्रांताची राजधानी होतं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत हिंदी चित्रपटगीतांच्या खाली भावगीतं, नाट्यपदं, कव्वाल्या निघतात. त्याच वर्षी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि भीमगीतांना फार मोठा श्रोतृवर्ग मिळाला. या गाण्यांच्या रेकॉर्डी परदेशी याद्यांत क्वचितच येतात. त्या स्वस्त आहेत याचं कारण त्या विपुल आहेत असं नव्हे. त्यांची मोजदादच कुणी केलेली नाही. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून अशी रेकॉर्ड हाती आली की किमतीआधी चार गोष्टी टिपाव्यात: लेबलचा रंग, त्यावरचा क्रमांक (ओडियन कंपनीच्या ईपींवर ‘ईएमओई’ असतं, स्टीरिओला त्याआधी ‘एस’ लागतो), लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक, आणि कव्हर मूळचं आहे की दुसऱ्याच रेकॉर्डचं. मराठी ईपींची यादी कुणी करायला बसलंच, तर त्याला पहिल्यांदा लागणार आहेत ते हेच तपशील.