टोमॅटोची बगलफूट: कोणती खुडायची, कोणती नाही

‘बगलफूट खुडा, दुप्पट टोमॅटो मिळवा’ असं सांगणारे व्हिडिओ पावसाळा सरला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतात. मग कुंडीतल्या रोमा टोमॅटोची एकेक बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारा फुटवा, नखाने उडवली जाते. पुढे तक्रार येते, की झाड गुडघ्याएवढंच राहिलं, चार घोस धरले आणि थांबलं. व्हिडिओतली कृती बरोबर असते, पण ती दुसऱ्या जातीच्या झाडासाठी असते.

बांबूला बांधलेला टोमॅटोचा सरळसोट दांडा पाहून आपण त्याला मुख्य खोड म्हणतो. प्रत्यक्षात ते एकसंध खोड नसतंच. बी रुजल्यावर शेंडा साधारण 7 ते 11 पानं काढतो आणि मग त्या शेंड्याचाच फुलोरा होतो. त्याची वाढ तिथे कायमची संपते. लगेच शेवटच्या पानाच्या बगलेतला डोळा फुटतो, फुलोऱ्याला एका अंगाला ढकलतो आणि वर निघतो. हा नवा शेंडा बहुधा 3 पानं काढतो, त्याचाही फुलोरा होतो, की पुन्हा बगलेतला पुढचा डोळा. अगदी खो-खो: खो देणारा बसला, दुसरा उठून धावला. म्हणजे आपण कौतुकाने सुतळीने बांधतो तो सहा फुटी दांडा एकावर एक चढलेल्या बगलफुटींचाच असतो! जवळ झाड असेल तर दोन घोसांमधली पानं मोजून पाहा.

हा खेळ किती वेळ चालायचा हे दोन प्रथिनांच्या ओढाताणीवर ठरतं. पानांत तयार होऊन रसवाहिन्यांतून शेंड्याकडे जाणारं एक प्रथिन ‘आता फुला’ असा निरोप नेतं. असा काही फिरता पदार्थ असावा, हा तर्क सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चायलाख्यान यांनी 1930च्या दशकातच मांडला होता आणि त्याला ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं होतं. याच प्रथिनाच्या कुळातलं दुसरं प्रथिन उलटं काम करतं, ‘थांब, अजून पानं काढ’ म्हणतं. त्याच्या जनुकाचं नाव ‘सेल्फ-प्रूनिंग’. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1914मध्ये हे जनुक बिघडलेलं एक झाड आपोआप उगवलं. अशा झाडात हे थांबवणारं प्रथिन सैल पडतं, दर फेरीला पानं कमी होत जातात, शेवटी फुलोऱ्याला लागून फुलोरा येतो आणि पुढे खो द्यायला कुणी उरत नाही. झाड बुटकं राहतं आणि बरीचशी फळं एकदम पिकतात. कॅलिफोर्नियात केचपचा टोमॅटो यंत्राने काढता येतो, त्यामागे हे बिघडलेलं जनुक आहे. जनुक नेमकं कोणतं, हे मात्र 1998मध्ये हाती लागलं.

रोमा याच मर्यादित वाढीच्या गटातला. त्याचा शेंडा तर थांबणारच असतो, त्यामुळे पुढची फळं बगलफुटींवरच यायची. त्या खुडल्या की फळंच खुडली. याच्या फार तर पहिल्या घोसाखालच्या फुटी काढाव्यात. उलट पुसा रुबी किंवा बहुतेक चेरी टोमॅटो अमर्याद वाढतात. तिथे प्रत्येक बगलफूट स्वतंत्र झाड होऊ पाहते आणि स्वतःची पानं मोठी होईपर्यंत खालच्या पानांनी बनवलेली साखर ओढत राहते. ती बोटभर असताना काढली तर साखर घोसांकडे वळते. फळं मोठी आणि थोडी लवकर मिळतात, संख्येने मात्र कमी. ‘दुप्पट’ वगैरे काही नाही. शेतकऱ्याला फायदा होतो तो एका दांड्यावरची झाडं जवळजवळ लावता येतात म्हणून.

फळांना ऊन लागावं म्हणून पानं ओरबाडणं हा दुसरा गैरसमज. पूर्ण वाढलेलं हिरवं फळ क्रेटच्या तळाशी अंधारातही लाल होतं, कारण ते पिकतं स्वतःच्या इथिलीन वायूमुळे. तापमान साधारण 30 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तांबडं लायकोपीन बनणं मंदावतं, पिवळसर कॅरोटीन मात्र बनत राहतं आणि फळ केशरीच राहतं. एप्रिलच्या उन्हात उघड्या पडलेल्या फळावर तर पांढरट डाग भाजून निघतात. जमिनीला टेकणारी आणि पिवळी पडलेली पानं काढावीत, कारण पावसाचे शिंतोडे मातीतली बुरशी त्यांच्यावर उडवतात. वरची राहू द्यावीत.

कृष्ण पक्षातच छाटणी करा, असंही कुणी सांगतं. चंद्राच्या कलेशी बगलफुटीला काही देणंघेणं नाही. कोरडी सकाळ पाहा, जखम दुपारपर्यंत सुकते. याउलट ऐकायला टोटका वाटणारा एक सल्ला खरा आहे: छाटताना अधूनमधून बोटं साय काढलेल्या दुधात बुडवायची. टोमॅटो आणि तंबाखू या एकाच कुळातल्या झाडांना होणारा मोझॅक विषाणू रसातून, हातांवरून पसरतो आणि दुधातली प्रथिनं त्याचा संसर्ग बराच रोखतात. तंबाखू मळून आलेल्याने तर आधी साबणाने हात धुवावेत. रोग झाडात शिरला की त्यावर फवारणी नाही. ते झाड उपटायचं आणि त्याच हातांनी शेजारच्या झाडाला शिवायचं नाही.