वानिकोरोच्या तीन भाषा

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांच्या पूर्व टोकाला, तेमोतू प्रांतात वानिकोरो बेट आहे. फ्रेंच दर्यावर्दी लापेरूझची दोन्ही जहाजं १७८८ साली इथल्याच प्रवाळखडकांवर फुटली, म्हणून इतिहासात त्याचं नाव. भाषेच्या अभ्यासकांना मात्र जहाजांपेक्षा इथल्या बोलण्यात जास्त रस आहे.

या एवढ्याशा बेटावर तीन भाषा: तेआनू, लोवोनो आणि तानेमा. तिन्ही पॅसिफिक बेटांवरच्या भाषांच्या ओशनिक कुळातल्या, एकमेकींच्या सख्ख्या नात्यातल्या. तरी मळ्याला तेआनूत ‘सेकेले’, लोवोनोत ‘आमेनोंगा’ आणि तानेमात ‘वासांगोला’! ‘आम्ही आमच्या मळ्यात राहिलो’ एवढं वाक्य तिन्हींत मांडलं, तर एकातले बहुतेक शब्द दुसऱ्यात ओळखू येत नाहीत. गंमत पुढेच आहे. कर्ता दाखवणारा अंश कुठे लागणार, मळा आधी की ‘आमचा’ आधी, हे सगळं तिन्हींत सारखंच. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रांस्वा यांनी हे सविस्तर मांडलंय.

हे आपल्याला नवं वाटायला नको. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांना हेच आढळलं होतं. त्यांचा लेख १९७१चा. तिथला मराठी माणूस म्हणे, ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. उर्दूवाला म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया’. साचा एकच, आणि गावातली कन्नडही त्याच साच्यात. कुपवाडात मुळात वेगळ्या कुळांतल्या भाषा जवळ आल्या. वानिकोरोवर सख्ख्या बहिणी शब्दांपुरत्या दुरावल्या.

रोज दोन-तीन भाषा बोलणाऱ्या डोक्याला एकच साचा सोयीचा पडतो, आणि वाक्याची घडण बदलली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. शब्द मात्र लगेच कानावर येतो. आपण कुठल्या गटाचे, हे त्यावरूनच कळतं. म्हणून तो जपला जातो.

आज बेटाच्या मूळ रहिवाशांत तेआनूच चालते. फ्रांस्वा तिथे पोचले तेव्हा लोवोनो आणि तानेमा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. व्याकरण आधीच एक असल्यावर भाषा सोडणं म्हणजे नुसते शब्द बदलणं. ही सोयच त्या दोघींच्या मुळावर आली असावी, असा माझा तर्क. १८२८ साली फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विलच्या मोहिमेतल्या गेमार या निसर्गअभ्यासकाने तिन्ही भाषांतले शब्द टिपून ठेवले होते. त्या याद्या आणि फ्रांस्वांची ध्वनिमुद्रणं आता शेजारी ठेवून तपासता येतात.