धसका

धसका : एकाएकी बसलेल्या भीतीचा वा आघाताचा मनावर आणि शरीरावर मागे राहणारा परिणाम. शब्द सगळ्या मराठी मुलखाचा आहे. या नोंदीत कर्नाटकातील बेळगाव सीमाभागातील, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या तालुक्यांतील वापर मुख्यतः विचारात घेतला आहे, कारण तिथे हा शब्द रोज दवाखान्याच्या दारात जातो आणि तिथून पुढे तो दोन-तीन भाषांतून वाट काढतो.

धसका ‘बसतो’ आणि ‘घेतला जातो’. ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरली जात असली, तरी जाणत्या बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांत फरक राहतो. ‘पोरीला धसका बसला’ म्हणजे घडलेली गोष्टच तशी होती. पोरीचा त्यात काही वाटा नाही. ‘त्यानं धसका घेतलाय ओ’ म्हणजे गोष्ट घडून गेली, पण माणसाने ती मनाला लावून घेतली, जेवण सोडले, झोप सोडली. पहिल्यात सहानुभूती आहे, दुसऱ्यात सहानुभूतीबरोबर थोडा बोलही आहे. घरच्यांच्या तोंडून यांपैकी कोणते क्रियापद आले यावरून रुग्णाकडे ते कसे पाहतात हे कळते, म्हणून ऐकणाऱ्याने ते निसटू देऊ नये.

व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. एक मत असे की, धसका हा ‘धस’ या अनुकरणवाचकापासून झाला. छातीत ‘धस्स होणे’ हा प्रयोग त्याचाच. दुसरे मत त्याला ‘धसणे’ या क्रियापदाशी जोडते. विहिरीची कड धसते, नदीची दरड धसते, तसा आतून माणूस धसतो. धसणे हे प्राकृतातून संस्कृत ‘ध्वंस्’ धातूकडे नेले जाते. अर्थाच्या दृष्टीने हे मत मोहक आहे, आणि खचणे या शब्दाचा प्रवासही असाच, मातीकडून मनाकडे झालेला आहे. तिसरा मुद्दा सीमाभागातच सुचतो. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये ‘एदी धसक्क अंतु’, म्हणजे छातीत धस्स झाले, असे सर्रास म्हणतात. तेव्हा शब्द कन्नडमधून मराठीत आला काय? हे संभवनीय वाटत नाही. द्राविडी भाषांच्या मूळ शब्दसंपत्तीत महाप्राण वर्ण नाहीत. कन्नडात ‘ध’ने सुरू होणारे शब्द बहुतेक संस्कृतातून वा शेजारच्या आर्यभाषांतून आलेले असतात. अनुकरणवाचक शब्द मात्र या नियमाला नेहमीच जुमानत नाहीत आणि दोन भाषांत स्वतंत्रपणेही उपजू शकतात, त्यामुळे उसनवारी उलट दिशेने झाली असेही ठामपणे म्हणता येत नाही. एकंदरीत पहिले मत अधिक सबळ आहे. मराठीत फट–फटका, चट–चटका, झट–झटका, भड–भडका अशी ‘का’ लागून झालेली नामांची रांगच आहे आणि धस–धसका तिच्यात सहज बसतो. या सगळ्या शब्दांत घटना क्षणाची आणि खूण टिकाऊ, हा अर्थही समान आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, त्या सुमारास शब्द रूढ असावा; त्याआधी किती मागे जावे हे सांगताना सावधगिरी बरी. कापणीनंतर रानात राहणारे ज्वारीचे टोकदार धसकट बहुधा वेगळ्या कुळातले. ‘धास्ती’ हा अर्थाने जवळचा शब्दही वेगळाच. त्याला अरबी-फार्सी ‘दहशत’शी जोडण्याकडे कल आहे. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा.

धसक्याची लक्षणे म्हणून जे सांगितले जाते त्यात छातीत धडधडणे, हातपाय गळणे, जेवण न जाणे, रात्री दचकून उठणे, पोट बिघडणे आणि एकट्याला सोडले की जीव घाबरणे ही प्रमुख. पोटाचा उल्लेख जुना आहे. चरकसंहितेत अतिसाराचे भयज आणि शोकज असे दोन मानस प्रकार सांगितले आहेत, आणि काम, शोक व भय यांनी वायू प्रकोप पावतो असेही तिथे म्हटले आहे. गावाकडच्या म्हाताऱ्या बायका ‘धसक्यानं पोट सुटलं’ म्हणतात.

आधुनिक मानसोपचारात धसक्याला एकच एक प्रतिशब्द नाही. पहिल्या काही दिवसांतली घालमेल ही तीव्र ताणप्रतिक्रिया होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला विकारांच्या यादीतून काढून स्वाभाविक प्रतिसादांत ठेवले आहे. प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण टाळणे आणि सतत सावध राहणे हे कित्येक आठवडे चालले, तर आघातोत्तर ताणविकाराचा विचार होतो. पण धसका म्हणून आलेल्या कित्येकांना नैराश्य असते, काहींना चिंताविकार, आणि काहींना मनाचा कोणताही विकार नसतो. अशा शब्दांना रोगाचे नाव न मानता दुःख व्यक्त करण्याची स्थानिक रीत मानावे, हा विचार मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यांचा अभ्यास कर्नाटकाच्याच दक्षिण किनारपट्टीवरील हव्यक ब्राह्मण स्त्रियांचा होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने हीच दिशा स्वीकारली. तीत लॅटिन अमेरिकेतील ‘सुस्तो’ या भयजन्य दुखण्याची दखल आहे. सुस्तोत भीतीने आत्मा शरीर सोडून जातो अशी समजूत असते. धसक्यात तसे काही जात नाही, उलट काहीतरी आत बसते. म्हणून दोहोंची बरोबरी जपून करावी.

‘धसक्यानं गेला’ हा प्रयोग बराच काळ अतिशयोक्तीत जमा होता. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो या हृदयविकाराचे वर्णन केले. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता दुबळा होतो व त्याचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो आणि बहुतेकजणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण मृत्यूही होऊ शकतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छातीत कळ येऊन घाम फुटलेल्या माणसाला ‘धसका घेतलाय’ म्हणून घरी बसवले आणि तो हृदयविकाराचा झटका निघाला, किंवा धडधड आणि उतरते वजन धसक्याच्या नावावर ढकलले आणि थायरॉइड वाढलेले निघाले, तर शब्दच घात करतो. छातीतील कळीला धसका हे निदान घरी कधीही लावू नये.

सीमाभागातील खरी अडचण भाषेची आहे. रुग्ण मराठीत सांगतो, सिस्टर कन्नडमध्ये विचारते, डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत लिहितात. मधे बहुधा शाळकरी मुलगा किंवा सून दुभाषी असते. ‘पुराचा धसका घेतलाय’ हे वाक्य कन्नडमध्ये ‘अंजिकी’ म्हणजे भीती होते, कागदावर ‘अँक्झायटी’ होते, आणि पूर गळून पडतो. धसक्याला बहुधा षष्ठी लागते : कशाचा तरी धसका, कुणाचा तरी धसका. दुःखाचे कारण शब्दाच्या आधीच येऊन उभे असते. भाषांतरात नेमके तेच नाहीसे होते, आणि रुग्णाला गोळी मिळते पण विचारपूस मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा व मलप्रभा यांना आलेल्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांत ज्यांची झोप पत्र्यावर पाऊस वाजला की उडते, त्यांना ‘भीती वाटते का?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘कशाचा धसका घेतलाय?’ हा पुरतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ (अंमल २०१८ पासून) रुग्णाला आपला आजार आणि उपचार यांची माहिती कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क देतो. भाषेच्या वादात हा हक्क कुणाच्या बाजूचा नाही. तो खाटेवरच्या माणसाचा आहे.

घरगुती उपायांत मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे, अंगारा वा भंडारा लावणे, सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला नवस बोलणे, दर्ग्यातून ताईत आणणे हे नेहमीचे. सगळ्यांत महत्त्वाचा उपाय मात्र धीर देणे हाच. कन्नडमध्ये ‘धैर्य हेळु’ म्हणतात, म्हणजे धैर्य सांगायचे. मराठीत धीर द्यायचा असतो. शेजारीण रात्री सोबतीला येऊन झोपते, जेवणाचा डबा येतो, काही दिवस माणसाला एकटे ठेवत नाहीत. आघातानंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची आजची तत्त्वे (सुरक्षितता, सोबत, रोजच्या गरजा भागवणे, बोलण्याची सक्ती न करणे) याहून फार वेगळी नाहीत. धीर कमी पडला तर पुढे जावे लागते. उत्तर कर्नाटकात त्याचे जुने ठिकाण धारवाड. तिथल्या मनोरुग्णालयाचा आरंभ १८४५ चा सांगितला जातो. घाटाच्या अलीकडे-पलीकडे नातीगोती असलेली कुटुंबे रत्नागिरी आणि येरवडा हे पर्यायही धरतात. ‘धारवाडला नेणे’ या शब्दांचाच अनेकांना धसका असतो, हे उपचार लांबण्याचे एक कारण. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, त्याचे जिल्हा पातळीवरील प्रारूप कर्नाटकातच बळ्ळारीत तयार झाले आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आरोग्यसेवकांचा धसका बराच काळ कुणी मोजला नाही. पहिला अपघाती मृत्यू, हातात गेलेले पहिले बाळ, नातेवाइकांनी धरलेली पहिली गचांडी : परिचारिका आणि तरुण डॉक्टर या गोष्टी वर्षांनंतरही तारखेसह सांगतात. २०२० च्या साथीत घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तींना देशभर अनेक ठिकाणी दारे बंद मिळाली, शिव्या मिळाल्या; केंद्राला त्याच वर्षी एप्रिलमध्ये आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. पण त्यांच्या त्रासाला धसका हा शब्द पुरा पडत नाही. धसक्याला एक प्रसंग लागतो. रोज थोडे थोडे झिजत जाणे, रुग्णाविषयी मन कोरडे होणे आणि आपल्या कामाने काही होत नाही असे वाटू लागणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. मराठीत त्यासाठी ‘जीव विटला’, ‘जीव मेटाकुटीला आला’ असे प्रयोग आहेत, नाम नाही. ‘आता काही वाटत नाही’ असे सिस्टर म्हणते तेव्हा ती घट्ट झाली असे समजण्याची चूक होते. तिला रात्रपाळीनंतरची सुट्टी, पुरेशी माणसे आणि मागे उभा राहणारा वरिष्ठ हवा असतो. धीर देऊन हे भागत नाही.

धसका जनावरांनाही बसतो असे मानतात. आवाजाने वा कुत्र्याने बुजलेली म्हैस पान्हा चोरते आणि गवळी ‘धसका घेतलाय तिनं’ म्हणतो. बाळंतिणीपुढे वाईट बातमी काढू नये, दूध आटते, ही ताकीद त्याच अनुभवातली. भीतीने स्रवणारे ॲड्रेनॅलिन दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा आणते. दूध तयार असते, पण उतरत नाही.